पोरीच्या पायाला सीट बांधू नका

मी इथं लिहीत कमी आणि वाचत जास्त. निजामाच्या काळातल्या, भालकी-औरादच्या जुन्या वाड्यांच्या, आळंदच्या जत्रेच्या आठवणी तुम्ही लिहिता, त्या मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवते. आज माझी आठवण आहे, पण गोड नाही. थोडी भांडायलाच आलेय. पोस्ट मोठी झालीय, राग मानू नका.

गेल्या महिन्यात बसवकल्याणला एका लग्नात पंगतीला शेजारी ओळखीच्या एक ताई बसल्या. त्यांची पोरगी सातवीला. वरणभात संपायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या दोघी खेळात होत्या ना? मग कोणता खेळ घालू सांगा की. ज्यात गर्दी कमी आहे, सर्टिफिकेट लवकर मिळतंय, पुढं सीटला उपयोगी पडंल, असा."

मी विचारलं, पोरीला काय आवडतंय?

"तिला कबड्डी आवडतंय ओ. पण त्यात लई पोरी आहेत."

मी हसले. बाजूच्या दोघी-तिघीही हसल्या. पण भालकीला येईपर्यंत बसमध्ये माझं तोंड कडू झालं होतं, कारण काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच बोलत होते, आणि त्याची किंमत माझ्या थोरलीनं दिलीय.

माझं माहेर उदगीरचं. आमच्या शाळेच्या मागं खो-खोचं मैदान होतं, म्हणजे दोन खुंट आणि मधे चुन्याची रेघ, बाकी सगळी ढेकळं. मी खुंटाजवळ चांगली पळायचे. सहावी-सातवीत गुडघे कधी बरे म्हणून नव्हते. मग एक दिवस पोटात दुखलं, घरी आले, आणि आजी म्हणाली, आता बास. दुसऱ्या दिवसापासून मैदान बंद. कुणी रागावलं नाही, कुणी समजावलंही नाही. मास्तरांनी निरोप पाठवला होता, तालुक्याला जायचंय म्हणून. वडिलांनी तो ऐकला आणि पान खात बसले.

तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या पोरीला असं करणार नाही. लग्न होऊन भालकीला आले, दोन पोरी झाल्या, दोघीही माझ्यासारख्याच तुरतुऱ्या. थोरली पाचवीपासून खो-खो खेळायला लागली. तालुक्याच्या क्रीडाकूटात तिच्या शाळेचा संघ आला की आमचे हे दुकान बंद करून बघायला जायचे. मला वाटायचं, बघ आजी, मी कशी वेगळी निघाले.

वेगळी कुठली! आजीनं अब्रूपायी थांबवलं, मी हिशोबापायी. पोरगी दोन्ही वेळेला मैदानाबाहेरच गेली.

ते कसं झालं ते सांगते. सातवीच्या शेवटी कुणीतरी आमच्या ह्यांच्या डोक्यात घातलं की सरकारी क्रीडा वसतिगृहात नंबर लागला की पोरीचं कल्याण. राहणं-खाणं फुकट, कोच, किट, पुढं स्पोर्ट्स कोट्यातून इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल, मग सरकारी नोकरी. एका संध्याकाळी चहाच्या दोन कपांत पोरीचं आयुष्य ठरलं. तोपर्यंत खेळ हा खेळ होता. त्या दिवसापासून घरात त्याला 'स्पोर्ट्स' म्हणायला लागले.

२०१७ चा उन्हाळा. बिदर-कलबुर्गी रेल्वे तेव्हा सुरू झाली नव्हती, ती त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. आम्ही पहाटेच्या सरकारी बसनं हुमनाबादवरून कलबुर्गीला गेलो. स्टेडियमवर सेडम, जेवर्गी, यादगीर, कुठून कुठून पोरी आलेल्या. काहींच्या पायात बूट, बऱ्याच अनवाणी. सकाळी नऊलाच तापायला लागलेलं. उंची, वजन, जागेवरून लांब उडी, छोटी धाव, मग आठशे मीटर. सूचना अर्थातच कन्नडमध्ये. सरकारी कामाची भाषा तीच, त्यात कुणाची चूक नाही. पण आमची पोरगी मराठी शाळेतली, शाळेत शिकलेली कन्नड अशी घाईत कामाला येत नाही. ती शेजारच्या पोरीकडं बघून पळत होती. शेजारची उठली की ही उठायची.

खो-खो कुणी खेळायला लावलाच नाही, तेवढा वेळच नव्हता. दुपारी यादी लागली. थोरलीचं नाव नव्हतं. उंचीत कमी पडली म्हणून कळलं.

परतीच्या बसमध्ये मी तिला काय म्हणाले ते मला अजून शब्दानिशी आठवतंय. "जाऊ दे. आता उगं त्यात वेळ घालवायचा नाही. आठवी आहे, अभ्यासाला लाग." बारा-तेरा वर्षांची पोर खिडकीकडं तोंड करून बसली. हुमनाबादला बस थांबली तेव्हा मी तिला उसाचा रस पाजला. मला वाटलं, समजूत निघाली.

जूनमध्ये तिनं मैदानावर जायची चप्पल घातली तर मीच विचारलं, "कुठं निघालीस? त्याचा आता काय उपयोग?" उपयोग! सातवीपर्यंत मी तिला हा शब्द कधी विचारला नव्हता. पुढच्या दीड वर्षात ती चार बोटं उंच झाली. बारा-तेराव्या वर्षी कोणती पोरगी किती वाढून बसली आहे आणि कोणाची वाढ अजून बाकी आहे, हे त्या एका सकाळी फुटपट्टीनं कळत नाही, एवढी साधी गोष्ट. घरोघरच्या बायकांना ती माहीत असते. पण यादीत नाव नाही म्हटल्यावर आमच्या घरातलं शहाणपण संपलं.

आता यातली खरी चीड आणणारी गोष्ट. ज्या सीटसाठी हे सगळं केलं, ती तिला खेळाशिवायच मिळाली. पुढं सीईटी दिली, एसी ऑफिसच्या दोन चकरा मारून ३७१-जे चं सर्टिफिकेट काढलं आणि रायचूर कृषी विद्यापीठात बीएस्सी अ‍ॅग्रीला प्रवेश घेतला. ते सर्टिफिकेट तर तिचं जन्मापासूनचंच होतं. २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीनं आपल्या भागाला ३७१-जे मिळालं. आपल्या इकडच्या संस्थांत सत्तर टक्के आणि राज्यभरच्या संस्थांत आठ टक्के जागा स्थानिक पोरांसाठी. बिदर-कलबुर्गीतल्या पोरीला याहून मोठा दरवाजा कुठल्याच खेळानं उघडून दिलेला नाही. आणि मराठी माणसाला तर दुसराही आहे. महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांपैकी आपलं गाव असेल, तिथल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झाली असेल आणि मातृभाषा मराठी असेल, तर तिकडच्या सीईटी प्रवेशात सीमाभागाचा 'टाइप ई' आहे. मी विचारते आणि अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं. कुठल्या खेळाला किती मार्क हे मात्र पाठ.

आणि जो स्पोर्ट्स कोटा डोळ्यांसमोर धरून आपण पोरी पळवतो, त्याचे नियम किती जणांनी वाचलेत? जागा मोजक्या. तालुक्याचं, जिल्ह्याचं सर्टिफिकेट तिथं चालत नाही, राज्याकडून राष्ट्रीय पातळीवर खेळलेलं लागतं, आणि त्यातही वरचं मेडल आधी. आता आयआयटीचंही ऐकवतात. २०२४ पासून आयआयटी मद्रासनं प्रत्येक कोर्सला खेळाडूंच्या दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलीसाठी, ही बातमी खरी आहे आणि चांगलीच आहे. पण आधी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास व्हायचं, मग खेळ बघतात. ही ओळ सोडून बाकीची बातमी माझ्याकडं निदान दहा जणांनी पाठवली.

मग काही जण म्हणतात, इकडं ठेवूच नका, महाराष्ट्राकडून खेळवा. माझ्या दिरांनीच सुचवलं होतं, "धाकटीला उदगीरला मामाकडं ठेवा. तिकडं दहावी-बारावीला खेळाचे मार्क आहेत, नोकरीत पाच टक्के आहेत. इथं काय आहे?" जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. प्रियांका इंगळेच्या संघानं अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं. आमच्या घरात टीव्हीसमोर नुसता धिंगाणा. थोड्याच दिवसांत त्या धिंगाण्याचाही हिशोब झाला. महाराष्ट्रानं आपल्या खेळाडूंना सव्वादोन कोटी आणि सरकारी नोकरी जाहीर केली. कर्नाटकानं आपल्या दोघांना, चैत्रा आणि गौतमला, पाच लाख. त्या दोघांनी ते नाकारले. चांगलं केलं, माझ्या मते. मेडल तेच, घाम तोच. पण दिरांच्या बोलण्याला त्यामुळं धार आली. "बघा वैनी, मी म्हणत नव्हतो?"

मी म्हटलं, भाऊजी, वर्ल्ड कप जिंकलेल्या पंधरा पोरींचा हिशोब तुम्ही भालकीच्या शाळेतल्या पोरीला लावायलात. तिला घर सोडून, आई सोडून, मैत्रिणी सोडून मामाकडं ठेवायचं, ते कशासाठी? तिथंही यादीत नाव नाही लागलं तर? ते म्हणाले, "तर परत आणा." जशी काय ती नमुना बघायला नेलेली साडी आहे!

हे फक्त आपलंच आहे असंही नाही. माझी मावसबहीण अमेरिकेत न्यू जर्सीला. तिची मुलगी लॅक्रॉस खेळते. काठीला जाळी लावून चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ आहे तो, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येतोय. तिकडं शाळेचा संघ वेगळा आणि पैसे भरून घ्यायचा क्लबचा संघ वेगळा. क्लबच्या निवड चाचणीला आई-बाप गाडीत बसून नखं खातात, उन्हाळाभर पोरींना घेऊन गावोगाव टुर्नामेंट करतात. का, तर कॉलेजच्या कोचनं बघावं. आणि अकरावीच्या एक सप्टेंबरपर्यंत कोचनं पोरीशी बोलायलाही बंदी आहे, म्हणजे तोपर्यंत सगळं हवेत. पूर्वी तिकडच्या मोठ्या कॉलेजच्या संघाला बारा शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्या तुकडे करून तीसेक पोरींत वाटायचे. जून २०२५ मध्ये कोर्टात तडजोड झाली. ज्या कॉलेजांनी ती मान्य केली तिथं शिष्यवृत्तीची मर्यादा गेली आणि संघात किती पोरी याची मर्यादा आली, लॅक्रॉसला अडतीस. शिष्यवृत्तीशिवाय नुसतं संघात राहायला तयार असणाऱ्या पोरींना त्यामुळं जागा कमी. बहीण फोनवर रडकुंडीला आली होती, "सहा वर्षं एक नियम धरून चाललो गं, आणि मधेच नियम बदलला." मी तिला काय सांगणार? मीही तेच केलं होतं, फक्त तिचे डॉलर गेले आणि माझं बसभाडं.

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, मग गरिबाच्या पोरीनं काय करायचं? तिला खेळ हाच रस्ता असतो. अगदी खरं. धाराशिवची सारिका काळे बघा, उमरग्याच्या पलीकडचीच की ती. कितीतरी वर्षं एक वेळच्या जेवणावर खेळली. २०१६ ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली भारतानं सोनं जिंकलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, खेळानं तिला उभं केलं. त्या कोट्यातली, त्या वसतिगृहातली प्रत्येक जागा अशा पोरींची आहे. अनवाणी आठशे मीटर पळणाऱ्या त्या सेडमच्या पोरीची आहे. पण आपण? दुकान आहे, पाच-दहा एकर तूर आहे, नवरा मास्तर नाहीतर बँकेत. पोटभर जेवून, ट्यूशनला वर्षाला पन्नास हजार भरून, वर तिच्या ताटातली ती एक पोळीही आपल्यालाच पाहिजे. आणि ती सरळ नाही मिळाली तर 'गर्दी कमी असलेला' खेळ शोधायचा. मलाही एकानं विचारलं होतं, "खेळायचीबी गरज नाही ताई, नाव फक्त संघात घालू, किती द्याल बोला." महाराष्ट्रात ट्रॅम्पोलिनच्या बोगस सर्टिफिकेटांचं प्रकरण गाजलं तेव्हा आपण सगळ्यांनी नाकं मुरडली. त्याची सुरुवात अशीच पंगतीत होते, वरणभातावर.

हे मी तावातावानं लिहितेय खरं, पण आमच्या घरातही अजून सगळं मिटलेलं नाही. धाकटीच्या वेळी मी शहाणी झाले असं म्हणायचं होतं, पण तिलाही मी २०२२ ला चाचणीला नेलंच. या खेपेला रेल्वेनं गेलो एवढाच फरक. तिचंही नाव लागलं नाही. घरी येताना मी तोंड मिटून बसले होते, तर बिदर स्टेशनवर तीच म्हणाली, "आई, आता दीदीसारखं माझंबी बंद का?"

मी तिथं फलाटावर बाकावर बसले. ती काय विचारतेय हे कळायला मला पाच वर्षं लागली होती.

बंद नाही केलं. दहावीच्या वर्षातही नाही. आमचे हे महिनाभर बोलले नाहीत, जाऊबाईंनी "एसएसएलसी आहे, कळतंय का काही" म्हणून सुनावलं. दहावीला तिला त्र्याऐंशी टक्के पडले. खेळली नसती तर नव्वद पडले असते, असं अजूनही घरात म्हणतात. पडले असतेही. मी भांडत नाही. आता पीयूसीला सायन्स घेतलंय, सकाळी साडेपाचला उठून मैदानावर जाते, साडेसातला ट्यूशन. कुठल्याच यादीत तिचं नाव नाही. जिल्ह्याला दोनदा खेळली, तेवढंच.

यादीतल्या पोरींचं सरकार बघेल, संघटना बघेल. मला काळजी आहे यादीबाहेरच्यांची, म्हणजे जवळजवळ सगळ्यांची. आठवीनंतर त्यांना खेळायला जागाच नाही. शाळेचा संघ दहावीला संपतो, कॉलेजात मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात, पोरींनी तिथून जातानाही ओढणी सावरायची. मैदानाला बायकांचा संडास नाही, दिवा नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींना शिकवायला बाई पाहिजे, ती नाही. या गोष्टींसाठी आपल्यापैकी किती जण नगरपालिकेत गेलो? मीही नव्हते गेले. सर्टिफिकेटवर सही आणायला मात्र सुट्टी काढून बिदरला तीन वेळा गेले होते.

थोरली जुलैत डिग्री संपवून घरी आली. एक दिवस धाकटीबरोबर मैदानावर गेली. इतक्या वर्षांनी. परत आली ती गुडघा फोडून. मी हळद लावत होते, तर सहज बोलल्यासारखं म्हणाली, "सीट तर मिळालीच असती की गं आई. तू उगंच बंद केलंस." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

म्हणून त्या बसवकल्याणच्या ताई हे वाचत असतील तर त्यांना माझं उत्तर, पंगतीत दिलं नव्हतं ते: कबड्डी घाला. लई पोरी आहेत म्हणूनच घाला. कागदपत्रांचं काय ते मला फोन करा. ३७१-जे ला काय लागतं, 'टाइप ई' ला काय लागतं, माझ्याकडं सगळी फाइल आहे, झेरॉक्स देते.

आणि भालकीतल्यांना एक विनंती. दर रविवारी सकाळी सहाला आम्ही पोरींचा खो-खो सुरू केलाय. निवड नाही, फी नाही, सर्टिफिकेट नाही. सहावीपासून कितवीचीही पोरगी चालेल, लग्न झालेलीही चालेल, परवा माझी भाची आली होती लेकराला सासूकडं ठेवून. खुंट नवे केलेत, चुना मी आणते. एक डाव नीट खेळायला बारा जणी लागतात, नऊ पाठलागाला आणि तीन पळायला. सध्या मला धरून नऊच आहोत. सगळ्या पाठलागाला लागलो की पळायला कुणी उरत नाही.